सतरापैकी एक

‘तडवळकर पशुखाद्य उद्योग!’ मी माइकमध्ये वाचलं. ‘या उद्योगात निवड झालेले आपल्या विभागाचे सतरा गुणवंत विद्यार्थी. त्यांना मी मंचावर आमंत्रित करते.’

टाळ्या झाल्या. आमच्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागाचा गुणगौरव समारंभ चालला होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलं, ज्याला ज्या कंपनीने घेतलं तिच्या नावानिशी मंचावर बोलवायची. डायरेक्टर नाईकनवरेसाहेबांच्या हातून ट्रॉफी, गुलाबाचं फूल, फोटो, की पुढचा. सदतीस नावं आधी होऊन गेली होती. ही सतरा जणांची यादी मुळजकर सरांनी ऐनवेळी विंगेतून माझ्या हातात दिली. कागद प्रिंटरमधून नुकताच निघालेला, अजून कोमट होता.

नावं वाचता वाचता मला नवल वाटायला लागलं. यातलं कोण कुठल्या मुलाखतीत आपटलं ते मला पाठ होतं. गटचर्चेत पंधरा मिनिटं नुसता मान डोलावत बसलेला बालाजी चौरे, ‘तुमची कमजोरी काय’ असं विचारल्यावर तिथेच रडायला लागलेली अनुराधा घोडके. यांना एकगठ्ठा घेणारा हा तडवळकर कोण पुण्यवान, असं मनात म्हणत मी सोळा नावं वाचली. यादी आडनावांच्या क्रमाने होती. सतरावं नाव मात्र क्रम मोडून तळाशी होतं, आणि तेही मी बाकीच्या सोळांसारखं खणखणीत वाचलं.

‘सुचेता दत्तात्रय बगाडे.’

सभागृह हसलं. आपलंच नाव आपण पुकारायचं म्हणजे गंमतच. मला उमगायला जरा वेळ लागला. त्या दिवसापर्यंत मी तडवळकर हे नाव ऐकलेलंसुद्धा नव्हतं. पण साहेब ट्रॉफी पुढे धरून उभे होते आणि फोटोवाला ‘मॅडम, इकडे बघा’ म्हणत होता. मी गेले, ट्रॉफी घेतली, हसले, परत माइकपाशी आले. चौथ्या रांगेत माझे बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगळे थांबले तरी ते थांबेनात.

मग साहेबांनी माइक घेतला आणि जाहीर केलं, चोपन्नपैकी चोपन्न, शंभर टक्के नेमणुका, विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा. मी बाजूला उभी राहून हातातली ट्रॉफी बघत होते. तिच्यावर माझं नाव कोरलेलं होतं. म्हणजे यादी ऐनवेळी आली असली तरी ट्रॉफीला ऑर्डर आठवडाभर आधी गेली होती.

आमच्या विभागात एक नियम होता. एक विद्यार्थी, एक नोकरी. एकदा कुठल्या कंपनीत तुमची नेमणूक झाली की पुढच्या कुठल्याही मुलाखतीला तुम्हाला बसता यायचं नाही. उरलेल्यांना संधी मिळावी म्हणून. नियम चांगला होता. बुधवारी एक मोठी बँक येणार होती. त्या बँकेसाठी मी तोवरच्या चार कंपन्या सोडल्या होत्या, अर्जच केला नव्हता. सगळा विभाग मला वेड्यात काढत होता. बाबांचं मोहोळला शिंप्याचं दुकान. आयुष्यभर पुरुषांचे कपडे शिवले त्यांनी. बँकेच्या मुलाखतीसाठी मला त्यांनी ब्लेझर शिवला तोही हाताला सवय तशी, बटणं पुरुषांच्या बाजूला लावून. तो ब्लेझर वसतिगृहाच्या कपाटात बुधवारची वाट बघत होता.

मुळजकर सर मंचामागच्या खोलीत नाश्त्याची पाकिटं लावत होते.

‘सर, हे काय आहे?’

‘बस आधी. पाणी घे.’

‘तडवळकर कोण?’

‘साहेबांचे स्नेही आहेत. एमआयडीसीत कारखाना आहे त्यांचा.’ त्यांनी दार लोटून घेतलं. ‘सुचेता, ती नुसती पत्रं आहेत. कुणी तिथे जायचं नाहीये, कुणी बोलावणारही नाहीये. सोमवारी आणि मंगळवारी मूल्यांकन समिती येतेय. साहेबांना त्यांच्यापुढे शंभर टक्के मांडायचेत.’

‘आणि बुधवारी बँक?’

सर पाकिटांकडे बघत राहिले. ‘शंभर टक्के झाल्यावर बँकेपुढे बसवणार कुणाला? साहेबांनी कळवलंय त्यांना, यंदा पहिल्या वर्षाची मुलं बघा म्हणून. उन्हाळी प्रशिक्षणासाठी.’

मी ट्रॉफी पाकिटांशेजारी ठेवली.

‘बाकीच्या सोळांना हे ठाऊक होतं?’

‘हो. प्रत्येकाला खोलीवर जाऊन भेटलो मी. विचारलं. त्यांनी आशा सोडलीच होती, घरी दाखवायला ट्रॉफी मिळतेय म्हटल्यावर तयार झाले.’

‘मग मला का नाही विचारलंत?’

ते खरंच गोंधळले. असा प्रश्न येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ‘तुला काय विचारायचं?’ ते म्हणाले. ‘तू समजून घेशील हे मला माहीत होतं.’

माझा स्वभाव खुनशी आहे, हे मी लपवत नाही. ‘ही पोर सापासारखा डूख धरते,’ असं आई मी सात वर्षांची असल्यापासून म्हणायची. पण त्या दिवशी सरांनी नियम मोडला, खोटं केलं, माझी बँक घालवली, हे सगळं मी कदाचित पचवलंही असतं. त्यांची नोकरी कंत्राटी होती. दर जूनला अकरा महिन्यांची नवी ऑर्डर निघायची आणि ती साहेबांच्या सहीने निघायची. साहेब म्हणाले शंभर, की हे म्हणणार शंभर. घरी दोन मुली होत्या. हे सगळं मला समजत होतं. मला समजतं म्हणूनच माझा गळा कापला होता. जे भांडले असते त्यांच्या दारात जाऊन विनवण्या केल्या, आणि जी भांडणार नाही तिला गृहीत धरलं.

आणि हा माणूस कोण होता, तेही सांगायला हवं. मी मोहोळच्या मराठी शाळेतून आलेली. पहिल्या दिवशी वर्गात ‘मायसेल्फ सुचेता’ म्हणाले तेव्हा मागचे बाक फिदीफिदी हसले होते. मुळजकर सर प्लेसमेंटचं काम बघायचे, शिकवायचा एकही तास त्यांच्याकडे नव्हता. तरी दोन वर्षं, रोज सकाळी आठला, त्यांनी मला त्यांच्या खोलीत बसवून इंग्रजी पेपर मोठ्याने वाचून घेतला. स्वतः टेबलापलीकडे बँकेचे साहेब होऊन बसायचे, मला दारातून आत यायला लावायचे, पुन्हा बाहेर पाठवायचे. ‘मायसेल्फ’ जायलाच दोन महिने लागले. त्याबद्दल त्यांनी कधी एक कप चहासुद्धा माझ्याकडून घेतला नाही.

म्हणून तर ते इतकं लागलं. परक्याने मारलेलं विसरता येतं.

बाबा बाहेर वाट बघत होते. ‘सुचे, नेमणुकीचं पत्र कुठंय?’ त्यांनी विचारलं. ट्रॉफीबरोबरच्या फाइलमध्ये ते होतं. त्यांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं आणि घडी न पाडता परत ठेवलं.

‘बँकेचं काय झालं पण?’

‘हे आधी झालं.’

‘झ्याक झालं. पेंड तर पेंड. आता मी उद्या पेढे वाटतो, तू नको म्हणू नको.’

मी नको म्हणाले नाही. रविवारी त्यांनी अख्ख्या पेठेत पेढे वाटले आणि संध्याकाळी फोन करून कुणाकुणाच्या तोंडात घातले ते सांगितलं. मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून ऐकलं. फोन ठेवला तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं.

सोमवारी सकाळी मी ब्लेझर घातला, फाइल घेतली आणि एमआयडीसीत तडवळकरांच्या दारात जाऊन उभी राहिले. सरकीच्या पेंडीचा वास कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत येत होता. माझा बेत साधा होता. मालकाने मला हाकलायचं, आणि मी म्हणायचं, ठीक आहे, तसं लिहून द्या. ‘हे पत्र खोटं आहे, अशी कुठलीही नेमणूक आम्ही केलेली नाही,’ एवढा कागद मला हवा होता. तो घेऊन मी तशीच समितीपुढे जाणार होते. साहेब आणि सर, दोघांनाही एका दगडात.

मालक बसवंतअप्पा तडवळकर पासष्टीचे, पांढरं धोतर, कपाळाला भस्म. पत्र बघून ते आधी हसले.

‘पोरी, हे कागद तुमचे साहेब माझ्याकडून कोरेच घेऊन गेले होते. सतरा कागद, सतरा सह्या. मला म्हनले, पोरांच्या भल्याचं काम हाय, कुनी येनार न्हाई.’

‘सही तुमचीच आहे ना?’

‘हाय की.’

‘मग मी कामावर हजर झाले आहे. नको असेन तर लिहून द्या, पत्र खोटं आहे म्हणून.’

अप्पांचं हसू गेलं. त्यांनी पत्र उलटसुलट केलं आणि सहीवर अंगठा फिरवला. ‘माझी सही खोटी म्हनून मीच लिहून देऊ व्हय?’ ते म्हणाले. ‘चाळीस वर्सं या सहीवर माल उठतोय. खोटी सही करायची सवय न्हाई मला.’ मग त्यांनी कारकुनाला हाक मारली. ‘ए मल्लू, या पोरीला खुर्ची दे. त्या फोनपाशी बसव. गावोगावचे दुकानदार फोन करून डोकं खात्यात, हिला बोलू दे त्यांच्याशी.’

‘अप्पा, मी...’

‘कामावर आलीस म्हनलीस न्हवं? मग बस की.’

मी भांडायला गेले होते आणि नोकरीला लागले. हसू नका, मला त्या क्षणी रडायला येत होतं. हातातलं हत्यारच बोथट झालं होतं. पण उठून जाणार कुठे? बसले. दिवसभर ‘गाभण म्हशीला कुठली पेंड चांगली’ या विषयावर अकलूजपासून अक्कलकोटपर्यंतच्या दुकानदारांशी बोलले, आणि अर्धी उत्तरं मल्लूला विचारून दिली. अप्पा अधूनमधून चष्म्यावरून बघायचे.

मंगळवारी साडेअकराला मुळजकर सर स्कूटरवरून आले. घाईघाईने आत शिरले आणि मला फोनपाशी बघून दारातच थांबले.

‘तू इथे काय करतेस?’

‘नोकरी. तुम्हीच लावलीत ना.’

त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक बरंच काही येऊन गेलं, आणि शेवटी जे येऊन थांबलं ती सुटका होती. ‘बरं झालं,’ ते पुटपुटले. ‘बरं झालं, तूच आहेस.’

त्यांनी अप्पांना नमस्कार केला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. समितीला सतरा हा आकडा खटकला होता. एकाच कारखान्यात सतरा एमबीए? समितीचे अध्यक्ष स्वतः इथे फोन करून विचारणार होते, तासाभरात.

‘अप्पा, सतरा सांगायचं. साहेबांनी निरोप दिलाय,’ सर म्हणाले.

अप्पांनी मान हलवली. ‘कोऱ्या कागदावर सही केली ती माझी चूक. तोंडानं खोटं मी बोलनार न्हाई. आनि तो मानूस इंग्रजीत बोलनार. या पोरीला बोलू दे, तुमचीच हाय.’ एवढं बोलून ते पोत्यांची गाडी बघायला दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

सर टेबलावर पुढे झुकले. ‘सुचेता, ऐक. तू सतरा म्हण. बँकेचे साहेब आज संध्याकाळीच विश्रामगृहावर उतरतायत. मी त्यांना भेटतो. उद्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर तुझी मुलाखत गुपचूप करवून घेतो. शब्द देतो तुला. तुझी ती नोकरी आहेच, तू नुसती समोर बसायचा अवकाश आहे. कुणाला काही कळणार नाही.’

‘आणि बाकीचे सोळा?’

‘त्यांचं जुलैत बघू.’

‘आणि मी खरं सांगितलं तर?’

‘सांगणार नाहीस तू,’ ते म्हणाले. त्यात धमकी नव्हती. ते सरळ आपलं मत सांगत होते.

बँक पुन्हा माझ्यापुढे आली होती. दोन वर्षं जिच्यासाठी मी सकाळचे आठ कधी चुकवले नव्हते ती. एक आकडा बोलायचा होता. बाबांना सांगता आलं असतं, पेंड सुटली, बँक मिळाली. मी काही उत्तर देण्याआधीच फोन वाजला.

बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते. आवाज वयस्क, दाक्षिणात्य वळणाचा आणि सभ्य होता. त्यांनी स्वतःचं नाव आणि काम सांगितलं आणि विचारलं, ‘या विभागाचे किती विद्यार्थी यंदा तुमच्याकडे रुजू झाले आहेत?’

मी समोर बघितलं. सरांनी कसली खूण केली नाही, हात जोडले नाहीत. ओठ हलवून ‘सतरा’ असंही म्हणाले नाहीत. ते खुर्चीला पाठ टेकून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

‘एक,’ मी म्हणाले.

‘माझ्यापुढच्या यादीत सतरा आहेत.’

‘रुजू एकच झालीय, सर. बाकीचे सोळा कधीच येणार नाहीत. ती पत्रं फक्त यादीसाठी घेतलेली आहेत.’

‘आपण कोण बोलताय?’

‘ती एक मीच.’

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. समोर सर खुर्चीची पाठ सोडून ताठ झाले होते. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. इतकं, की तेवढ्यावर थांबावंसं वाटेना.

‘तुम्ही इंग्रजी फार चांगलं बोलता,’ फोनवरचा आवाज म्हणाला. त्या माणसाला बहुधा माझी कीव आली असावी. ‘विभागात मुलांची तयारी करून घेतात का? भाषेची, मुलाखतीची? त्यासाठी इथे एक अधिकारी नेमलेले दिसतात. मुळजकर.’

सरांना माझी एकच बाजू ऐकू येत होती. म्हणून मी शब्द सुटे सुटे उच्चारले.

‘नाही, सर. तसं काही होत नाही. श्री. मुळजकर फक्त याद्या करतात. इंग्रजी माझं मी शिकले.’

त्यांनी आभार मानले. मी फोन ठेवला.

पहिलं उत्तर विभागात गाजलं. वसतिगृहातली मुलं पुढे कित्येक वर्षं ‘एक’ची गोष्ट सांगायची, बगाडे मॅडमनी कशी एका शब्दात शंभर टक्क्यांची हवा काढली. माझी पाठ थोपटली गेली, आणि मी ती थोपटू दिली. मीही गोष्ट सांगताना तिथवरच सांगत आले. अठरा वर्षं झाली. आज तो कारखाना मीच बघते, अप्पांच्या माघारी. दरवर्षी मुलांना नोकऱ्या देते. पण दुसरं उत्तर मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण सरांची नोकरी ‘एक’ने गेली नाही. आकडे फुगवणं काही नवं नव्हतं. समितीने ताशेरा मारला असता आणि साहेबांनी सारवासारव केली असती, सर त्यातून निभावले असते. पण समितीच्या अहवालात ‘नेमणूक करणाऱ्यांचा अभिप्राय’ असा एक रकाना होता. विभागातल्या कारकुनाने मला तो नंतर दाखवला. रुजू झालेल्या एकमेव विद्यार्थिनीच्या मते प्लेसमेंट अधिकाऱ्याचं विद्यार्थ्यांच्या तयारीत काहीही योगदान नाही, असं त्यात लिहिलं होतं. जूनमध्ये साहेबांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि सरांची ऑर्डर काढली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला प्रकार. साहेब पुढे कुलगुरूंच्या सल्लागार मंडळावर गेले. सर गाव सोडून गेले, कुठे ते मी शोधलं नाही.

पण त्या दिवशी, फोन ठेवल्यावर, हे काहीच अजून घडलेलं नव्हतं. सर माझ्याकडे बघत होते. मी वाट बघत होते. ओरडतील, कृतघ्न म्हणतील, दोन वर्षांचे उपकार काढतील. त्यावर काय काय बोलायचं ते माझ्या जिभेवर तयार होतं. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

‘अप्पा,’ त्यांनी दाराकडे बघून विचारलं, ‘फोन वापरू का जरा?’

‘वापरा की.’

त्यांनी खिशातून छोटी वही काढली. ‘ती सोळा नावं आता यादीतून जाणार,’ ते म्हणाले, बहुधा स्वतःशीच. ‘म्हणजे ती मुलं मोकळी झाली. आता शंभर टक्के राहिलेच नाहीत, तर साहेबही अडवू शकत नाहीत. बँकेच्या साहेबांना मी आज भेटतोच आहे. उद्या यांना बसवता येईल.’ मग मान वर करून मला म्हणाले, ‘तुला नाही बसवता येणार. तू रुजू झालीस. नियम आहे.’

त्या वाक्यात मी टोमणा शोधला. नव्हता.

फोन माझ्या टेबलावर होता, तो मी त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी पहिला नंबर लावला. ‘बालाजी? मुळजकर बोलतोय. उद्या बँकेची मुलाखत आहे. हो, तुझीच. दाढी करून ये. मूळ प्रमाणपत्रं आण, झेरॉक्स नको.’ मग दुसरा, मग तिसरा. कुणाचा फोन लागेना, तेव्हा वसतिगृहाच्या रेक्टरकडे निरोप ठेवला. एकाला निळा शर्ट नव्हता, त्याला स्वतःचा देतो म्हणाले. मी समोर बसून होते. उठून बाहेर जाता आलं असतं, पण मी गेले नाही. एका दुकानदाराचा निरोप लिहून घेतलेला होता, त्यावर मी पुन्हा पुन्हा पेन फिरवत होते.

सोळावी अनुराधा घोडके होती. तिचा आवाज रिसीव्हरबाहेर मला ऐकू येत होता. ‘सर, नको ना. मला नका बसवू. मला इंग्रजी येत नाही, मी पुन्हा रडेन.’

‘सकाळी सातला विभागात माझ्या खोलीत ये,’ सर म्हणाले. ‘मुलाखती दहाला आहेत. तीन तास पुष्कळ झाले. मी बँकेचा साहेब होतो, तू दारातून आत ये. दहा वेळा करू.’

‘मला जमेल, सर?’

‘जमेल,’ ते म्हणाले. ‘याआधी एकीला शिकवलंय मी.’

त्यांनी रिसीव्हर ठेवला, वही मिटली, अप्पांना नमस्कार केला आणि गेले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. अप्पा दारातून आत आले आणि माझ्यासमोर त्याच खुर्चीत बसले.

‘चांगला मानूस दिसतोय,’ ते म्हणाले. ‘त्यानं शिकवलेली ती एकजण म्हंजे तूच व्हय गं?’

‘नाही,’ मी म्हणाले.